एकदाच विचारलं

आमच्या चर्चची वार्षिक सभा जानेवारीत असते. उपासना संपली की सगळे खालच्या हॉलमध्ये उतरतात, कॉफी होते, आणि मग खुर्च्या गोल मांडून निवडणूक. यंदा कुणीतरी एका बाईंचं नाव सुचवलं, त्या हसून "नो, थँक यू" म्हणाल्या आणि लगेच पुढचं नाव निघालं. सगळं कसं सुटसुटीत. मी मात्र कपात डोकं घालून बसले, कारण मला एस्तरमावशी आठवल्या आणि कान गरम झाले. त्या फ्रँकफर्ट सोडून नगरला परत गेल्या त्याला आता बरेच महिने झाले. तरी कुणी "नो, थँक यू" म्हणालं की माझं हे असं होतं.

आमचं चर्च म्हणजे इंग्रजी बोलणारी एपिस्कोपल मंडळी. अँग्लिकन पंथाचीच ही अमेरिकेकडची शाखा. मराठी उपासना इथे मिळत नाही, जर्मन उपदेश डोक्यावरून जातो, म्हणून पुण्या-नगरकडची आम्ही चार ख्रिस्ती घरं इथे येऊन टेकलो. पाळक अमेरिकन बाई आहेत, मदर कॅथरीन. इथल्या कारभारात पाळकांचा शब्द जेवढा चालतो, तेवढाच साध्या सभासदांचाही. आपल्याकडे पंच कमिटी असते तशी इथे व्हेस्ट्री, आणि व्हेस्ट्रीच्या डोक्यावर दोन वॉर्डन. सीनियर वॉर्डन मंडळीचं बघतो, ज्युनियर वॉर्डन इमारतीचं. छप्पर गळलं, बॉयलर बसला, कुलूप अडकलं की ज्युनियर वॉर्डनला हाक. थोडक्यात, इथल्या इमारतींची देखभाल करणारा हाउसमाइस्टर असतो तसा चर्चचा, फक्त बिनपगारी आणि निवडून दिलेला.

हे सगळं मी एस्तरमावशींना पहिल्याच रविवारी समजावून सांगितलं, तेव्हा त्या पदर सावरून म्हणाल्या, "ज्युनियर? मी सीनियर असताना रिटायर झाले."

मावशी नगरच्या मिशनच्या मुलींच्या हॉस्टेलात उभा जन्म वॉर्डन होत्या. सगळं नगर त्यांना वॉर्डनबाई म्हणायचं. उंची बेताची, चष्मा जाड, आवाज मात्र तीन मजले चढेल असा. नवरा गेल्यावर एकुलती एक लेक रिबेका हिने खूप खटपट करून त्यांना इकडे कायमचं आणलं. रिबेकाचा नवरा जर्मन, टोबियास. मावशी त्याला तोबीराव म्हणायच्या. तोही मान डोलवायचा. आपल्या नावाला हे शेपूट का लागलं ते त्याने कधी विचारलं नाही.

मावशींना ओळखायचं तर त्यांचा 'नको' ओळखायला लागायचा. चहा हवा का म्हटलं की, "नको गं, आत्ताच झाला." पुन्हा म्हटलं की, "अगं कशाला त्रास?" तिसऱ्यांदा म्हणेपर्यंत त्या खुर्ची ओढून बसलेल्या असायच्या. त्यांचा यात कायदाच होता, आणि तो त्या मला शिकवायच्याही. "पहिला नको रीतीचा, दुसरा मानाचा. तिसऱ्याला ताट पुढे करायचं." हा कायदा काही त्यांनी काढलेला नव्हता. आपल्या सगळ्यांच्या घरात तो आहेच, फक्त कुणी बोलून दाखवत नाही. पहिल्या हाकेला हात पुढे करतो तो हावरा, आणि एकदाच विचारतो तो कद्रू.

आता असा माणूस टोबियासच्या घरी नांदायला गेला म्हणजे काय होणार? पहिल्याच रात्री त्याने मोठ्या कौतुकाने विचारलं, "आई, आणखी भात?" मावशी म्हणाल्या, "नको नको, पोट भरलं." टोबियासने भांडं उचललं, वर प्लॅस्टिक ताणलं आणि फ्रिजमध्ये ठेवून दिलं. "माझ्या डोळ्यांदेखत भात फ्रिजमध्ये गेला गं," मावशी मला सांगत होत्या. "जावई गुणी आहे. दारू नाही, आवाज चढवणं नाही, भांडी स्वतः घासतो. पण एकदाच विचारतो. आणि लेकही आता त्याच्यासारखीच झाली." तेव्हापासून त्यांच्या पर्समध्ये शेंगदाणे आणि गुळाचे खडे असायचे. उपदेश लांबला की शेजारून बारीक कुरूमकुरूम ऐकू यायचं. मदर कॅथरीनना वाटायचं, हीटर वाजतोय.

त्या स्वतः वाढायला उभ्या राहिल्या की चित्र उलटं. नाताळात त्यांनी टोबियासच्या ऑफिसातल्या माणसांना करंज्या खिलवल्या. एक उंचच्या उंच गडी "नाइन, डांके", म्हणजे नको, आभार, म्हणायचा आणि त्या आणखी एक ताटलीत टाकायच्या. तो बिचारा संपवत राहिला. दुसऱ्या दिवशी त्याने टोबियासला हळूच विचारलं म्हणे, की तुझ्या सासूबाईंकडे थांबायची खूण कोणती असते? टोबियासने हा किस्सा हसत हसत सांगितला. मावशींना मात्र त्यात हसण्यासारखं काहीच दिसलं नाही. "आवडल्या नसत्या तर खाल्ल्या असत्या का त्याने?" हा त्यांचा प्रश्न.

चर्चमध्ये त्यांनी महिनाभरात स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. अमेरिकन साहेबलोक कप विसळून ठेवू लागले, कारण न विसळलेला कप दिसला की मावशी तो मालकाच्या हातात नेऊन देत. तेव्हाचे ज्युनियर वॉर्डन हॅरल्ड नावाचे एक निवृत्त अमेरिकन गृहस्थ. त्यांच्या कमरेला किल्ल्यांचा जाड जुडगा. ते चालले की जुडगा वाजायचा, आणि तो वाजला की मावशी बोलता बोलता थांबून तिकडे बघायच्या. नगरला त्यांच्या कमरेलाही असाच होता. इथे लेकीच्या घराची एक किल्ली, तीही दोरीला बांधून गळ्यात, हरवू नये म्हणून.

एका रविवारी कडाक्याची थंडी, बॉयलर बंद आणि हॅरल्ड आजारी. मदर कॅथरीन उपासना रद्द करायच्या बेतात होत्या. मावशींनी एक अक्षर न विचारता वरचं दार लावून घेतलं, सगळ्यांना संडे स्कूलच्या छोट्या खोलीत कोंबलं, "जवळ जवळ बसा, लाजू नका" म्हणून इंग्रजीत दम दिला, मोठ्या पातेल्यात आल्याचा चहा चढवला आणि स्वतःची शाल पाळकबाईंच्या खांद्यावर टाकली. पाळकबाई हा त्यांचाच शब्द. त्या दिवशीची उपासना सगळ्यांना आवडली. नंतर हॅरल्डला ही हकीगत कळली तेव्हा ते मावशींना म्हणाले, "एस्तर, पुढच्या वर्षी हे काम तुम्हीच घ्या."

मावशी लगेच म्हणाल्या, "मी कशाला? छे!" आणि परत जाताना ट्रॅममध्ये मला म्हणाल्या, "मी करीन गं ते. झोपेतसुद्धा करीन."

त्यांना ते काम हवं होतं. मनापासून हवं होतं, आणि त्यात गैर काहीच नव्हतं. "इथे मी कोण?" त्या म्हणायच्या. "रिबेकाची आई. तोबीरावांची सासू. डॉक्टरकडे गेलं तरी पोरगीच माझ्या वतीने बोलते, कुठे दुखतं ते. मला कुणी विचारतच नाही काही." त्या जुडग्यातलं एखादं कुलूप त्यांना पुन्हा उघडायचं होतं. पण हे त्या बोलणार ट्रॅममध्ये, मराठीत, आणि माझ्यापाशी.

मग ती पहिली सभा आली. हॅरल्डनी उभं राहून सांगितलं की मी थकलोय, माझ्या जागी एस्तरचं नाव सुचवतो. सगळे कौतुकाने वळले. मावशींनी दोन्ही हात छातीशी नेले. "मी? नो, नो. मी कशाला? किती मोठी मोठी माणसं इथे आहेत. त्यांना द्या. मला काय कळतं?"

मी शेजारीच होते. मला प्रत्येक शब्द ओळखीचा होता. हा रीतीचा नको, आता दुसऱ्यांदा विचारतील. मदर कॅथरीन उठल्या, त्यांचे डोळे भरून आले होते. त्या म्हणाल्या, "थँक यू, एस्तर. आपल्याला देवाचं बोलावणं आहे की नाही हे इतक्या प्रामाणिकपणे ओळखणं सोपं नसतं." आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. मावशींच्या नकाराला टाळ्या! मावशी हात तसेच छातीशी धरून हसत राहिल्या. तेवढ्यात ऑलिव्हर नावाच्या बँकेतल्या एका तरुण इंग्रजाने हात वर केला. "मला आवडेल हे करायला."

झालं. ऑलिव्हर ज्युनियर वॉर्डन झाला.

मी का उठले नाही, हे लोक मला विचारतील. उठून काय सांगणार होते? जिथे "नाइन हाइस्ट नाइन", नाही म्हणजे नाही, हे पोरांना बालवाडीपासून शिकवतात, आणि योग्यच शिकवतात, त्या देशात भर सभेत उभं राहून म्हणू, की आमच्या बाईंचं नाही म्हणजे हो असतं? मला आपल्या रीतीची लाज वाटली, आणि मावशींचा पडलेला चेहरा बघून त्या लाजेचीही लाज वाटली.

ट्रॅममध्ये बसल्यावर त्या म्हणाल्या, "एकदाच विचारलं गं." थोड्या वेळाने पुन्हा, "आणि तो ऑलिव्हर! स्वतःच्या तोंडाने म्हणाला, मला आवडेल म्हणून. लाज नाही वाटली?" पण आवाजात राग नव्हता. त्याला कसं जमलं, याचं आश्चर्य होतं.

वर्षाने ऑलिव्हरची बदली डब्लिनला झाली आणि जागा पुन्हा मोकळी झाली. सभेच्या आधी पंधरा दिवस मावशी माझ्याकडे आल्या. कोट न काढताच म्हणाल्या, "सुनंदा, मला हो म्हणायला शिकव."

आम्ही स्वयंपाकघरात तालीम केली. मी मदर कॅथरीन व्हायची आणि विचारायची, "एस्तर, तुम्ही हे काम घ्याल का?" मावशी घसा खाकरायच्या, तोंड उघडायच्या आणि म्हणायच्या, "नको... अगं, जिभेला वळणच नाही!" मग दोघी हसायचो. पुन्हा विचारलं की पदर तोंडाशी. पुन्हा विचारलं की, "हो, पण कुणी दुसरं असेल तर..." मी म्हणाले, "मावशी, 'पण' नाही लावायचा." त्या म्हणाल्या, "नुसतं हो म्हणताना उघडं पडल्यासारखं वाटतं गं."

मग त्यांनी सांगितलं. वॉर्डन व्हायच्या आधी त्या त्याच हॉस्टेलात मुलगी म्हणून होत्या, आईबापाविना, मिशनच्या खर्चाने. नाताळात परदेशातून फ्रॉकचे गठ्ठे यायचे. एका वर्षी मडमेने एक पिवळा फ्रॉक वर धरला आणि विचारलं, कुणाला हवा? छोट्या एस्तरने हात वर केला. सगळ्यांत आधी. तेव्हाच्या वॉर्डनबाई सगळ्या मुलींसमोर म्हणाल्या, "बघा, ही आली हावरी." फ्रॉक दुसरीला गेला. "तेव्हापासून पहिला हात माझा कधी वर गेला नाही," मावशी म्हणाल्या. "आणि पुढे मी वॉर्डन झाले, तेव्हा मीही पोरींना तेच शिकवलं. मागायचं नाही. विचारतील तेव्हा आधी नको म्हणायचं." हे सांगताना त्यांनी चष्मा काढून पुसला. रडत नव्हत्या. त्यांना लाज वाटत होती, स्वतःची आणि त्या पोरींना शिकवलेल्या धड्याचीही.

शेवटी मी एक आगाऊपणा केला. मदर कॅथरीनना बाजूला घेऊन आपली रीत समजावून सांगितली, आणि म्हणाले, प्लीज, यंदा मावशींना तीनदा विचारा. त्यांना ते पटत नव्हतं. "मला कुणावर दबाव आणायला आवडत नाही," त्या म्हणाल्या. पण गेल्या वर्षी काय झालं ते कळल्यावर त्यांचा चेहरा लाल झाला आणि त्यांनी कबूल केलं. मला वाटलं, चला, दोन्ही बाजूंनी पूल बांधला. आता कुठून पडणार?

सभेच्या दिवशी मावशींनी नाताळची रेशमी साडी नेसली होती. मी डोळ्यांनीच खूण केली, त्यांनी मान हलवली. ज्युनियर वॉर्डनसाठी नावं मागवल्यावर सीनियर वॉर्डननी दोन नावं घेतली. पहिलं अन्नम्मांचं, दुसरं एस्तरमावशींचं.

अन्नम्मा केरळच्या. तरुणपणी नर्स म्हणून जर्मनीत आल्या आणि इथेच म्हाताऱ्या झाल्या. मागच्या बाकावर बसायच्या, कॉफीला न थांबता निघून जायच्या. कुणाशी फारसं बोलणं नाही. आपलं नाव ऐकून त्या शांतपणे म्हणाल्या, "नो, थँक यू." मदर कॅथरीन "थँक यू, अन्नम्मा" म्हणून मावशींकडे वळल्या.

आणि मावशी उभ्या राहिल्या. मला वाटलं, आता म्हणतात हो. पण त्या अन्नम्मांकडे वळल्या.

आता हे परक्याला कळणार नाही, पण मला कळलं. पाहुणीचं ताट अजून रिकामं असताना आपण कसं बसायचं? अन्नम्मांचं नाव आधी घेतलं होतं, वय मोठं होतं, इथली वर्षं जास्त होती. त्यांना रीतसर विचारल्याशिवाय आपण ती जागा घेतली, तर तो सगळ्यांत आधी वर गेलेला हात. मावशी इंग्रजीत म्हणाल्या, "अन्नम्मा सिस्टर, असं म्हणू नका. तुम्ही किती योग्य आहात." लोक हसले, प्रेमाने. अन्नम्मा म्हणाल्या, "नो, एस्तर."

मावशी खुर्च्यांमधून वाट काढत त्यांच्यापाशी गेल्या आणि त्यांचा हात हातात घेतला. "इतकी वर्षं तुम्ही इथे आहात. तुमच्याआधी कोण? हो म्हणा. आम्ही सगळे मदत करू."

अन्नम्मांनी हात सोडवून घेतला. "एस्तर, प्लीज. मी नाही म्हणाले."

मी जागेवरून पुटपुटले, "मावशी, या इकडे." त्यांना ऐकू गेलं नाही, किंवा गेलं असेल. दोन नको झाले होते आणि तिसऱ्यांदा विचारणं बाकी होतं. त्या हसून, अगदी लाडाने म्हणाल्या, "कारण सांगा. कारणाशिवाय आम्ही सोडणार नाही."

अन्नम्मा उठल्या. त्यांचा आवाज मी पहिल्यांदाच एवढा मोठा ऐकला. "कारण हवं? माझा नवरा मला ओळखत नाही. अंधार पडला आणि मी घरात नसले, तर तो दाराशी बसून आईला हाका मारतो. परवा चप्पल न घालता रस्त्यावर गेला, शेजाऱ्यांनी परत आणला. आता त्याच्यापाशी शेजारीणच बसलीय, म्हणून मी इथे आहे. मी हे कुणाला सांगितलं नव्हतं. मला सांगायचं नव्हतं. आता पुरे, एस्तर?"

मावशींचा हात, ज्यात मघाशी अन्नम्मांचा हात होता, तसाच पुढे राहिला होता. अन्नम्मांनी कोट घेतला आणि त्या निघून गेल्या. दार लागल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. इतकी लाज मला माझ्या आयुष्यात वाटली नव्हती. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं लोक म्हणतात ते उगीच म्हणत नाहीत.

मदर कॅथरीन गोंधळल्या होत्या, पण शब्दाच्या पक्क्या. त्यांनी घसा साफ केला आणि मावशींना विचारलं, "एस्तर, तुम्ही हे काम घ्याल का?"

"नो," मावशी म्हणाल्या.

पाळकबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी बुटांकडे पाहत होते. त्यांनी पुन्हा विचारलं, हळुवारपणे. "आम्हा सगळ्यांना आनंद होईल, एस्तर."

"नो, मदर."

"मी पुन्हा एकदा विचारते, एस्तर..."

"मदर, प्लीज," मावशी म्हणाल्या. आवाज नेहमीचा तीन मजली नव्हता. "विचारू नका. नाही म्हणजे नाही."

ज्युनियर वॉर्डन म्हणून त्या दिवशी कुणाची निवड झाली, हे मला घरी जाईपर्यंत आठवत नव्हतं. ट्रॅममध्ये मावशींनी खिडकीकडे तोंड केलं होतं. मी म्हणाले, "तुम्ही चांगल्या मनानेच..." त्यांनी मला पुढे बोलू दिलं नाही. "सगळ्यांदेखत उघडं केलं तिला मी. कुणीतरी मला केलं होतं, तसंच."

पुढचे काही रविवार त्या आल्या नाहीत. रिबेका म्हणाली, आई घरीही फारशी बोलत नाही, टोबियासने एकदा विचारलं की चक्क हो म्हणते आणि जेवते. टोबियासला बरं वाटत होतं. त्याला वाटलं, सासूबाई रुळल्या.

मार्चच्या एका दुपारी मावशींचा फोन आला. अन्नम्मांच्या घरी यायचं का, मला ट्रॅम बदलता येत नाही. अन्नम्मा शहराच्या टोकाला, ह्योख्स्ट भागात राहायच्या, रांगेतल्या एका छोट्या घरात. मावशींनी शेवयांची खीर केली होती, म्हाताऱ्या माणसाला चावायला नको म्हणून. डबा मांडीवर सरळ धरून त्या बसल्या होत्या. वाटेत फक्त एवढंच म्हणाल्या, "माफी मागीन. आणि म्हणेन, दर गुरुवारी दुपारी मी तुमच्या मिस्टरांपाशी बसते, तुम्ही जरा बाहेर जाऊन या. हॉस्टेलात आजारी पोरींपाशी रात्र रात्र बसलेय मी."

मी फाटकापाशी थांबले. माफी मागायला जाताना माणसाने एकट्यानेच जावं. अन्नम्मांनी दार उघडलं. मावशींची पाठ माझ्याकडे होती. त्या काय म्हणाल्या ते नीट ऐकू आलं नाही, पण डबा पुढे झालेला दिसला. अन्नम्मांचा चेहरा मात्र मला दिसत होता. आधी कडक, मग नुसता थकलेला, मग मऊ. त्या म्हणाल्या, "नो, नो, एस्तर. तुम्ही कशाला? तुम्हाला तुमचं घर आहे. उगीच त्रास."

तो सूर मी कुठेही ओळखला असता. इतकी वर्षं जर्मनीत काढून आणि त्या दिवशी हॉलमध्ये खणखणीत नाही म्हणूनही, अन्नम्मांच्या पोटात तो आपल्याकडचा, रीतीचा नको शिल्लक होता.

मावशींनी मान हलवली. "ओके," त्या म्हणाल्या. "सॉरी, सिस्टर." डबा छातीशी धरून त्या पायऱ्या उतरल्या.

मी फाटकातच त्यांचा दंड धरला. "मावशी, परत विचारा. अहो, तुम्हाला कळलं नाही का? परत विचारा!"

"नको गं," त्या म्हणाल्या, आणि दंड सोडवून घेतला. "ती नाही म्हणाली. मी ऐकलं."

त्या तशाच स्टॉपच्या दिशेने निघाल्या, झपाझप, बारीक बारीक पावलं टाकत, पुन्हा वळून न बघता. मी वळून पाहिलं. अन्नम्मा दार उघडं टाकून उंबऱ्यात उभ्या होत्या, आणि मावशींच्या पाठीकडे बघत वाट पाहत होत्या.